सिंगापुरात आपलाच रुपया

सिंगापूर नदीच्या काठी उभे राहिले की समोर बँकांचे उंच मनोरे दिसतात आणि खाली संथ, हिरवट पाणी. या काठावर फिरणाऱ्या आपल्या बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, या नगरीत एके काळी आपला रुपया हेच सरकारी चलन होते. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर या वसाहतींचा कारभार तेव्हा हिंदुस्थानातून, कलकत्त्याहून चाले. १८३७ मध्ये तेथे रुपया हे अधिकृत चलन ठरवण्यात आले. परंतु बाजाराने त्याला मनापासून थारा दिला नाही. व्यापारी आपले सौदे चांदीच्या डॉलरमध्येच करीत राहिले. १ एप्रिल १८६७ रोजी हिंदुस्थानाशी असलेला कारभाराचा संबंध सुटला आणि डॉलर पुन्हा कायदेशीर चलन झाला. सरकारी वही रुपयात आणि बाजाराची वही डॉलरमध्ये, अशी तीस वर्षे या गावाने काढली. एका चलनातून दुसऱ्या चलनात जाताना दर वेळी थोडे गळतेच, आणि ती गळ कोणाच्या पदरात पडते हे फार थोडे लोक मोजून पाहतात.

हे मोजून पाहण्याचा प्रसंग माझ्यावर २०२४ च्या जानेवारीत आला. मी पुण्याच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची काही वर्षे परकीय चलन विभागात गेली. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना पैसा कसा न्यावा, कसा मागवावा, हे समजावून सांगण्यात माझे कित्येक दिवस गेले. तरीही स्वतः परदेशी गेलो तेव्हा मी त्यांच्याइतकाच अडाणी ठरलो. ती हकीकत वाचकांच्या कामी यावी म्हणून लिहीत आहे.

आमची कन्या आणि जावईबापू फेरर पार्क भागात राहतात. तेथून पाच-दहा मिनिटे चालले की सेरंगून रस्ता लागतो. फुलांचे हार, मसाल्यांचा वास, सोन्याची दुकाने आणि चहाच्या टपऱ्या पाहिल्या की आपण देश सोडून आलो आहोत हे क्षणभर विसरायला होते. या भागातील जुन्या दुकानघरांपुढे छत असलेल्या पडव्या आहेत. ऊन आणि पाऊस या दोहोंपासून पादचाऱ्याला आसरा मिळावा म्हणून त्या बांधल्या गेल्या. मात्र प्रत्येक घराच्या पडवीची उंची वेगळी, त्यामुळे दर पंधरा-वीस पावलांवर एखादी पायरी चढावी किंवा उतरावी लागते. जानेवारीत तेथे पावसाचे दिवस असतात. सायंकाळचे जेवण दिवसाउजेडी उरकून आम्ही उभयता फिरायला निघालो होतो. ओल्या फरशीवर सौ.चा पाय घसरला आणि आधारासाठी टेकलेला उजवा हात मनगटात मोडला.

जवळच्या रुग्णालयात नेले. क्ष-किरण चित्र काढल्यावर डॉक्टर म्हणाले की, भूल देऊन हाड बसवावे लागेल. त्यासाठी २,००० सिंगापूर डॉलर अनामत भरायला सांगितले. प्रवास विमा होता. पण विम्याचे पैसे मागाहून मिळणार, तूर्त खिशातून भरायचे होते. कन्या म्हणाली, “बाबा, तुम्ही बसा, मी भरते.” मी तिला थांबवले. मुलीच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नये असे मानणाऱ्या घरात मी वाढलो. काळ बदलला, आम्ही तिच्याकडे दोन-दोन महिने राहू लागलो. पण पत्नीच्या औषधोपचाराचे पैसे लेकीने द्यावेत, हे मनाला पटेना. माझ्या खात्यात पुण्याला पैसे होते. ते माझे होते, कष्टाचे होते, आणि त्या क्षणी मला हवे होते.

निघताना मी परकीय चलनाच्या प्रीपेड कार्डात जेमतेम ६०० डॉलर भरले होते. लेकीच्या घरीच तर राहायचे, खर्च तो काय होणार, असा हिशेब होता. म्हणून मी नेहमीचे डेबिट कार्ड पुढे केले. खिडकीतील मुलीने यंत्र माझ्याकडे वळवले. पडद्यावर दोन पर्याय होते : सिंगापूर डॉलरमध्ये देणार की भारतीय रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटला, घाबरलेल्या मनाला त्याचा आधार वाटला, आणि मी रुपयांवर बोट ठेवले. खात्यातून १,३०,८०० रुपये वजा झाल्याचा संदेश आला.

रात्री झोप येईना. सौ. औषधाच्या गुंगीत होती. मी स्वयंपाकघरातील मेजावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवसाचा बाजारातला मधला दर डॉलरला सुमारे ६२ रुपये होता, म्हणजे २,००० डॉलरचे १,२४,००० रुपये. उरलेले ६,८०० रुपये त्या एका बोटाने गेले होते.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. परदेशातील दुकानाचे यंत्र किंवा एटीएम आपल्याला ‘तुमच्याच चलनात’ रक्कम दाखवते. पण त्यासाठी वापरलेला दर त्या यंत्रामागच्या सेवेचा असतो आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. कितीतरी पालकांना मी बजावले होते की, परदेशात यंत्राने विचारले तर नेहमी स्थानिक चलन निवडा. स्वतःवर वेळ आली तेव्हा तेच विसरलो. रुग्णालयाचा यात काही दोष नव्हता. त्यांनी विचारले होते; उत्तर मी चुकीचे दिले.

मग मी त्याच २,००० डॉलरचा हिशेब दुसऱ्या वाटांनी मांडला. डॉलर हा पर्याय निवडून तेच डेबिट कार्ड वापरले असते तर माझ्या बँकेचा परकीय चलनावरील अधिभार ३.५ टक्के, म्हणजे ४,३४० रुपये लागला असता आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७८१ रुपये. एकूण ५,१२१ रुपये जादा. प्रीपेड कार्डात पुण्याहूनच पैसे भरून आणले असते तर मला मिळालेला दर ६२.७० होता. दरातील फरकाचे १,४०० रुपये आणि चलनबदलावरील जीएसटीचे सुमारे २०३ रुपये, म्हणजे साधारण १,६०० रुपये. बँकेकडून थेट तारेने रक्कम पाठवली असती तर दर थोडा बरा मिळून फरक १,२०० रुपयांचा पडला असता; पण त्यावर कमिशन, मधल्या बँकेचा आकार आणि जीएसटी मिळून दोन हजारांच्या आसपास ठोक खर्च आला असता. एकच रक्कम, एकच दिवस, एकच खातेदार. आणि खर्च १,६०० पासून ६,८०० पर्यंत!

यातून एक प्रश्न मी मनाशी पक्का केला. कोणतीही बँक, कार्ड किंवा दुकान ‘कमिशन नाही’ असे म्हणाले तर त्यावर विसंबू नये. एवढेच विचारावे : हजार डॉलर हाती पडेपर्यंत माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? कमिशन, अधिभार, कर आणि दरातला फरक हे सगळे त्या एका आकड्यात येते. आपल्या पेढ्यांवर माल घेताना आपण हेच करतो. भाव, हमाली, तोलाई, दलाली, वाहतूक असे सगळे धरून माल घरात किती रुपयांना पडला, हे पाहिल्याशिवाय कोणता व्यापारी सौदा पक्का करतो? पैसा हाही मालच आहे, फक्त त्याची हमाली दरामध्ये दडलेली असते.

सौ.ला घरी आणल्यावर दुपारी तिला विश्रांती देऊन मी शहर पाहू लागलो, आणि आता जाणूनबुजून पैशाच्या वाटांनी फिरू लागलो. रॅफल्स प्लेसजवळ ‘द आर्केड’ नावाची इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर चलन बदलणाऱ्यांची छोटी-छोटी दुकाने एकमेकांना खेटून आहेत. प्रत्येकाच्या फलकावर दोन रकाने : आम्ही या दराने घेतो, या दराने विकतो. या धंद्याला मॉनेटरी अथॉरिटी ऑफ सिंगापूरचा परवाना लागतो. शेजारी-शेजारी इतकी दुकाने असल्यामुळे डॉलर, पौंड, युरो यांच्या खरेदी-विक्रीतले अंतर अगदी थोडे. रुपयाच्या रकान्यात मात्र ते डोळ्यांत भरण्याइतके रुंद होते. ज्या चलनाची उलाढाल मोठी त्याचे अंतर लहान, हा साधा बाजारनियम. म्हणून रुपयाच्या नोटा परदेशी नेऊन तेथे बदलणे बहुधा महागात पडते. तशाही २५,००० रुपयांपेक्षा अधिक भारतीय नोटा देशाबाहेर नेता येत नाहीत. परकीय नोटासुद्धा सर्वसाधारण प्रवासी एका सफरीस ३,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेऊ शकतो. उरलेले कार्डात न्यावे लागते.

तेथेच एका गृहस्थाने ब्रुनेई देशाची दहा डॉलरची नोट देऊन कॉफी घेतलेली मी पाहिली. दुकानदाराने ती निमूटपणे गल्ल्यात टाकली आणि सुटे सिंगापूर डॉलर परत दिले. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. १९६७ च्या करारानुसार या दोन देशांची चलने एकास एक या दराने एकमेकांकडे स्वीकारली जातात. चलन बदलायचा खर्च दैवाने नेमून दिलेला नाही, माणसांनी ठरवले तर तो शून्यावरही येतो, हे त्या नोटेने मला शिकवले.

आर्केडपासून मार्केट स्ट्रीट जवळच आहे. आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. १९७० च्या दशकात पुनर्विकास होण्यापूर्वी तेथे चेट्टियार सावकारांच्या पेढ्या होत्या. तामिळनाडूतून आलेल्या या व्यापाऱ्यांच्या पेढीला ‘किट्टंगी’ म्हणत. एकाच लांबट दालनात अनेक सावकार बसत. प्रत्येकाची एक बैठी पेटी, तिच्यापुढे मांडी घालून बसलेला मालक किंवा मुनीम, शेजारी हिशेबाच्या वह्या. टँक रोडवरचे त्यांचे १८५९ चे मुरुगन मंदिर आजही आहे. हे सगळे ऐकताना मला बार्शीच्या अडत दुकानात बसणारे माझे वडील आठवले. गादी, लोड, बैठे मेज, रोजकीर्द आणि खतावणी. वडील मुनीम होते. हुंडी लिहिताना त्यांचे अक्षर अधिकच ठसठशीत होई. दर्शनी असो की मुदतीची, तिच्यावर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, तिथी आणि मुदत हे सारे असे. बार्शीला भरलेला रुपया मुंबईला मिळे तो त्या कागदावर आणि मागच्या वहीवर.

हुंडीची आठवण मनात ताजी असतानाच एक प्रसंग घडला. सेरंगून रस्त्यावरील एका किराणा दुकानात मी नेहमी डाळी घ्यायला जात असे. तेथे एका गृहस्थांची ओळख झाली. मराठी-हिंदी मिसळून गोड बोलणारे, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सौ.चा हात गळ्यात बांधलेला पाहून त्यांनी आस्थेने विचारपूस केली. रुग्णालयाचे उरलेले बिल अजून भरायचे आहे, हे बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेले. ते हलक्या आवाजात म्हणाले, “काका, बँकेला कशाला पैसे वाटता? तुमच्या माणसाला सांगा, पुण्यात माझ्या भावाच्या हाती दोन लाख द्या. मी इथे आत्ता डॉलर मोजतो. मधला दर, एक पैसा वर नाही. घरचाच व्यवहार.”

खरे सांगतो, क्षणभर मन डळमळले. सहा हजार आठशे रुपयांची जखम ताजी होती, आणि हा माणूस मदत म्हणूनच पुढे आला होता. त्याच्या बोलण्यात मला लबाडी दिसली नाही. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि इतकेच म्हणाली, “अहो, याची पावती मिळेल का?”

त्या प्रश्नाने भानावर आलो. हात जोडून नको म्हणालो. त्यांनीही वाईट वाटून घेतले नाही.

घरी परतताना मी सौ.ला कारण सांगितले, तेच येथे सांगतो. कारण असे प्रस्ताव आपल्या व्यापारी घरांतील मुलांपुढे परदेशात वारंवार येतात. भारतात रुपये द्यायचे आणि त्याच्या बदल्यात परदेशात दुसऱ्याने डॉलर द्यायचे, ही वजावट अधिकृत बँकेच्या किंवा परवानाधारकाच्या बाहेर करणे १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याला, म्हणजे फेमाला, मंजूर नाही. त्यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय समोरून आलेले डॉलर कोठून आले हे आपल्याला ठाऊक नसते. ते एखाद्या गुन्ह्यातले निघाले तर चौकशी आपल्या दारी येते. आणि सौ.ने विचारले ते तर रोजच्या उपयोगाचे : पावती नसेल तर विमा कंपनीला काय दाखवणार?

कोणी म्हणेल, आपले पूर्वज हुंडीवर व्यापार करीत, मग यात वेगळे ते काय? माझ्या मते फरक वहीचा आहे. हुंडी वहीत चढे; ती लिहिण्यासाठीच जन्माला येई. ही वजावट वहीत चढवता येत नाही, किंबहुना वहीत चढू नये म्हणूनच ती केली जाते. वडील म्हणत, जे रोजकीर्दीत लिहिता येत नाही ते हातून घडू देऊ नये.

आपण मोठे काही केले, या समाधानात मी घरी आलो. ते समाधान सायंकाळपर्यंतही टिकले नाही. कन्येला हा किस्सा सांगत होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, “बाबा, माझ्या पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येतं ना, ते इथे आणता येईल का? तुम्हीच बघता ते खातं.” मी विचारले, “ते खाते एनआरओ करून घेतले होतेस ना?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी तिच्याकडे पाहत राहिलो.

नोकरीसाठी देश सोडून अनिवासी झालेल्या माणसाचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. त्याचे एनआरओ खात्यात रूपांतर करावे लागते. हा नियम मी शेकडो ग्राहकांना सांगितला. आणि माझ्या घरातले खाते चार वर्षे निवासी म्हणून चालले होते, त्यात दरमहा ३०,००० रुपये भाडे जमा होत होते. अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने कर कापायचा असतो. मूळ दर उपकरासह ३१.२ टक्के. आमच्या भाडेकरूने तो कापला नव्हता, कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दुपारी मी एका परक्या गृहस्थाला नियम दाखवून आलो होतो, आणि संध्याकाळी दिव्याखालचा अंधार माझ्याच घरात सापडला.

आम्ही तो निस्तरायचे ठरवले. बँकेला कळवून खाते एनआरओ केले. सनदी लेखापालांना सर्व सांगितले, मागील वर्षांचा कर व व्याज भरले, भाडेकरूला यापुढे कर कापण्याची रीत समजावली. कापलेला कर अधिक असेल तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो, आणि कमी दराने कपातीचा दाखलाही प्राप्तिकर खात्याकडे मागता येतो. यात खर्च झाला. पण तो वहीत लिहिता आला.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनी भारतातला पैसा कमी खर्चात कसा वापरावा? एनआरओ खात्यात आलेले भाडे, व्याज, लाभांश, निवृत्तिवेतन असे चालू उत्पन्न कर भरल्यानंतर परदेशी पाठवता येते. मालमत्तेची विक्री किंवा जुनी शिल्लक असेल तर वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंतची मर्यादा आहे. परदेशातील कमाई भारतात ठेवायची असेल तर ती एनआरई खात्यात ठेवावी. ती केव्हाही परत नेता येते आणि अनिवासी असेपर्यंत तिच्या व्याजावर भारतात कर नाही. ही दोन खाती एकमेकांत न मिसळण्याची सवय लावली की पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

पाठवण्याचा खर्च मी तिला कागदावर दाखवला. ३०,००० भाड्यातून कर वजा जाता हाती २०,६४० रुपये येतात. एका वेळी पाठवण्याचा ठोक खर्च, माझ्या हिशेबाने, १,७९० रुपये. दरमहा पाठवले तर वर्षाला २१,४८० रुपये, म्हणजे एका महिन्याच्या हाती येणाऱ्या भाड्याहून अधिक, नुसत्या पाठवणीत गेले! सहा महिन्यांतून एकदा पाठवले तर वर्षाला ३,५८० रुपये. सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागले तर त्याची फीसुद्धा बारांऐवजी दोनदाच. पाठवण्याआधी दोन-तीन बँकांना तोच एक प्रश्न विचारावा. भारतीय स्टेट बँक, बँक ऑफ इंडिया, इंडियन बँक अशा आपल्या कित्येक बँकांच्या शाखा सिंगापुरात आहेत. त्यांच्याकडेही चौकशी करावी.

पण त्याहून मोठी बचत वेगळ्याच ठिकाणी निघाली. मी तिला विचारले, “तुझा भारतात रुपयांत कोणता खर्च होतो?” तिने यादी केली : सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर, दोन विमा हप्ते, सासूबाईंची औषधे, वर्षातून एकदा येण्याची तिकिटे. हे सगळे ती सिंगापूरच्या पगारातून, चलन बदलून भागवत होती. आणि भाडे डॉलरमध्ये कसे आणावे याची चिंता करत होती. एकाच घरातून डॉलर तिकडे जात होते आणि रुपये इकडे येऊ पाहत होते, दोन्हीकडे गळ! हा खर्च आता एनआरओ खात्यातून होतो. सिंगापूरसह काही देशांतील मोबाइल क्रमांकावर एनआरई आणि एनआरओ खात्यांना यूपीआय जोडण्याची सोय २०२३ पासून झाली आहे. त्यामुळे तिला त्यासाठी माझ्यामागे लागावे लागत नाही. आपल्याच दोन खिशांतील ही वजावट पूर्णपणे कायदेशीर आहे आणि तिला एक पैसा खर्च नाही. वर्षाअखेर परदेशी नेण्यासारखे फारसे उरलेच नाही.

भारतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी वाट निराळी. उदारीकृत विप्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम शिक्षण, उपचार, भेट, नातेवाइकांचा निर्वाह अशा कारणांसाठी पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपलीकडे गेल्यास टीसीएस कापला जातो. त्याचा दर कारणानुसार बदलतो. ती रक्कम बुडत नाही, आपल्या प्राप्तिकरात जमा धरली जाते. मात्र ती अडकून पडते, म्हणून मोठी रक्कम पाठवताना तेवढी तजवीज ठेवावी. रक्कम पाच-सहा लाखांची असेल तर तारेचा ठोक खर्च त्या मानाने किरकोळ ठरतो; लहान रकमेला तोच भारी पडतो.

रुग्णालयाचे उरलेले बिल मी प्रीपेड कार्डाने भरले. नेटबँकिंगवरून पुण्याच्या खात्यातील रुपये त्यात भरले, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी डॉलर जमा झाले. यंत्राने या वेळी दोन पर्याय दाखवले नाहीत. दाखवले असते तरी बोट कोठे ठेवायचे ते ठाऊक होते. पावत्या जपून आणल्या. विमा कंपनीने डॉलरमधील बिल धरून पैसे दिले. पहिल्या रात्रीचा दरातला तोटा मात्र माझ्याच वहीत राहिला, आणि तो तेथेच असावा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नातवाचा वाढदिवस होता. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताचे यूपीआय आणि सिंगापूरचे पेनाऊ एकमेकांना जोडले गेले आहेत. काही ठरावीक बँकांच्या खात्यांतून, दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत, तेथील माणसाच्या मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवता येतात. माझी बँक त्यांत होती. १०१ डॉलर बसावेत अशा बेताने मी ६,३५३ रुपये टाकले, कारणाच्या रकान्यात ‘भेट’ निवडले आणि कन्येच्या क्रमांकावर पाठवले. डॉलरला ६२ रुपये ९० पैसे पडले. चहाचा घोट घेईतो तिचा फोन वाजला.

नातू धावत आला, “नाना, हे पैसे पुण्याहून आले?”

“हो,” मी म्हणालो, “आपल्याच घरचे.”

तो समाधानाने खेळायला गेला. सौ.चा हात तोवर प्लास्टरमधून मोकळा झाला होता. तिने वही पुढे सरकवली आणि म्हणाली, “लिहून ठेवा.” त्या तारखेखाली मी ६,३५३ चा आकडा लिहिला आणि शेजारी, वडील लिहीत तसा, अक्षरांतही.